एमजीबीचा एक्झॉस्ट पुन्हा पुन्हा का जातो? नवा सेट निवडण्याआधीच्या तपासण्या

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, आणि एक्झॉस्टचा सेट म्हणजे इंजिनातला धूर मागे नेणारे पाइप आणि डबे. आधी लक्षणे. खालीलपैकी कुठले जुळते ते बघा, कारण पुढच्या तपासण्यांत कुठे जास्त वेळ द्यायचा हे त्यावरच ठरते.

- थंड इंजिन सुरू केल्यावर बॉनेटखाली टिकटिक येते आणि गाडी तापली की पाच-दहा मिनिटांत विरते. मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात देणाऱ्या बिडाच्या भागाच्या) तोंडाशी गळती असण्याची शक्यता सर्वात जास्त. तापून बीड प्रसरण पावते आणि फट तेवढ्यापुरती बुजते.
- ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून फटाके फुटतात. एखाद्या सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळालेले पेट्रोल पाइपातच पेट घेते.
- क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना पायाशी एकदाच ‘ठक्’ होते.
- खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर मागून ठोका बसतो, विशेषतः दोघे बसलेले असताना.
- ठराविक आरपीएमला गाडी घुमते, पुढे-मागे शांत.
- सायलेन्सरचा डबा हाताने हलवला की आत पत्रा खुळखुळतो.
- टप लावून चालवताना धुराचा वास येतो, डोके जड होते. हे एकच लक्षण बाकीच्यांसारखे नाही. कारण सापडून दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नाकाला येतो तो सोबतच्या धुराचा, आणि तो येत नाही म्हणून विषारी वायू नाही असे समजू नये.

यातले काहीही झाले की बहुतेक मालक पहिली गोष्ट करतात ती नव्या सेटची ऑर्डर. तो बसतो, आवाज जातो, आणि दोन-तीन हिवाळ्यांत किंवा पावसाळ्यांत सगळे पुन्हा पहिल्यासारखे. जुना सेट ज्या कारणाने गेला ते कारण गाडीतच राहिलेले असते. रबर मेलेले असते, इंजिन आपल्या आधारांवर खाली बसलेले असते, किंवा गाडी रोज पाच किलोमीटरच चालते. म्हणून आधी जुना का गेला ते शोधायचे आणि मग नवा निवडायचा. हा क्रम उलटा केला की पैसे दोनदा जातात.

कुठली एमजीबी?

ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या, आणि सगळ्यांना एकच एक्झॉस्ट बसत नाही. हा लेख १७९८ सीसीच्या बी-सिरीज इंजिनाच्या, एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर असलेल्या गाड्यांसाठी आहे. सहा सिलिंडरची एमजीसी (१९६७-६९) आणि ३५२८ सीसीची जीटी व्ही-८ (१९७३-७६) यांचे मॅनिफोल्डपासून सगळे वेगळे. अमेरिकेत गेलेल्या १९७५ नंतरच्या एकाच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटरच्या गाड्याही इथे धरलेल्या नाहीत. अशी गाडी भारतात किंवा दुबईत परत येऊन पोचली असेल तर ऑर्डर देण्याआधी मॅनिफोल्डचा फोटो विक्रेत्याला पाठवा. नुसते मॉडेल-वर्ष सांगून भागत नाही, कारण पन्नास वर्षांत कोणी कुठले इंजिन आणि कुठला मॅनिफोल्ड घातला असेल त्याचा नेम नसतो.

रचना थोडक्यात. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड दोन्ही इंजिनाच्या डाव्या बाजूला. हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, एक्झॉस्टची तोंडे तीनच: पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र, मधल्या दोघांना मिळून एक. बिडाच्या मॅनिफोल्डला खाली दोन तोंडे, तिथून दुहेरी डाउनपाइप, पुढे एकच पाइप, मग पुढचा डबा, मागचा डबा आणि टेलपाइप.

फुकटच्या तपासण्या: कान, कापड आणि स्क्रूड्रायव्हर

गाडी मोकळ्यावर घ्या, गॅरेजमध्ये नाही. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा, कारण गळती थंडपणीच बोलते. हातमोजा घालून जाड कापडाची घडी टेलपाइपच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबा. सेट धड असेल तर दाब लगेच हाताला ढकलतो आणि इंजिन गुदमरायला लागते. इंजिनाला काहीच फरक पडला नाही आणि खालून कुठून तरी ‘फस्स’ ऐकू आले, तर वायूला दुसरी वाट आहे. जागा नेमकी सापडत नसेल तर मीटरभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरा आणि दुसरे सांध्यासांध्यावरून फिरवा. फिरत्या पंख्यापासून नळी आणि बाही दोन्ही लांब ठेवा.

टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेची) टिकटिक आणि मॅनिफोल्डची टिकटिक यांत भलेभले फसतात, कारण दोन्हींची लय सारखीच असते. फरक असा: गळतीचा आवाज रेस दिल्यावर, इंजिनावर भार आला की वाढतो आणि तापल्यावर कमी होतो. टॅपेटचा आवाज तापल्यावरही तसाच राहतो. शंका उरली तर टॅपेटचा गॅप तपासून घ्या. त्याला फीलर गेज (फट मोजायची पातळ पाने) आणि अर्धा तास लागतो, तर मॅनिफोल्ड उतरवण्यात अख्खा दिवस जातो.

आता इंजिन बंद करून सगळे थंड होऊ द्या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पाइप आणि डबे ठोकत मागे मागे जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. मागच्या डब्याचा तळ आणि त्याची मागची शिवण नीट वाजवा, पहिली पोखरते ती तीच जागा. मग डबा दोन्ही हातांनी झटका देऊन हलवा. आत काही सुटे असेल तर ऐकू येते. सुटलेली पट्टी आडवी पडून वाट अडवते, तेव्हा गाडी वरच्या आरपीएमला ओढत नाही आणि दोष उगाच कार्बोरेटरवर जातो.

खाली शिरायचे तर गाडी स्टँडवर, सपाट आणि टणक जमिनीवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नका. हे पाळायचे नसेल तर पुढचे काम गॅरेजवाल्यालाच करू द्या.

जुना पाइप काय सांगतो

सगळ्यात जास्त माहिती जुन्या सेटमध्येच असते, आणि तोच लोक आधी भंगारात देतात.

मागचा डबा तळातून, आतून बाहेर कुजला असेल तर कारण पाणी. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. एमजीबी साधारण लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते, म्हणजे पाच किलोमीटरच्या फेरीत अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी एक्झॉस्टमधून जाते. पाइप तापलेला असेल तर वाफ निघून जाते. मागचा डबा इंजिनापासून सर्वात लांब, म्हणून सर्वात थंड. छोट्या फेरीत तो तापतच नाही. वाफेचे पाणी होऊन तळाशी साचते आणि ज्वलनातली आम्ले त्यात मिसळून पत्रा खातात. हिवाळ्यात बंद ठेवलेली गाडी ‘बॅटरी उतरू नये’ म्हणून आठवड्यातून पाच मिनिटे जागेवर चालवणे हा डबा कुजवण्याचा खात्रीचा उपाय आहे. चालवायची तर वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवा, नाहीतर हात लावू नका आणि बॅटरीला चार्जर लावा.

भारतातल्या मालकांना हे जास्त लागू पडते. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. म्हणजे बहुतेक फेऱ्या छोट्याच. मुंबईची किंवा गोव्याची खारी हवा बाहेरून आणि हे पाणी आतून, असा दुहेरी मार बसतो.

पाइप बाहेरून, वरच्या अंगाला कुजला असेल तर चिखल आणि मीठ. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते डब्याच्या वर, पट्ट्यांच्या खाचांत बसते आणि कोणी धूत नाही.

फ्लँजच्या (सांध्यावरच्या सपाट जोडकडेच्या) किंवा वेल्डच्या कडेने सरळ चीर गेली असेल तर तो गंज नव्हे, ताण आहे. पाइपाला वाकवणारे काहीतरी आहे: आधाराची पट्टी नाही, रबर कडक झाले आहे, इंजिन हलते आहे किंवा सेट जबरदस्तीने ओढून बसवला होता. अशा गाडीत कितीही भारी सेट घातला तरी तो तिथेच चिरतो. स्टेनलेससुद्धा.

पाइपावर चकचकीत घासलेला ठिपका दिसला तर तिथे तो बॉडीला किंवा ॲक्सलला लागतो. समोरच्या पत्र्यावर त्याचा जोडीदार ठिपका शोधा. ‘ठक्’चा शोध तिथे संपला.

रबरे: सर्वात स्वस्त भाग, सर्वात जास्त दोषी

एक्झॉस्ट गाडीला लटकलेला असतो, खिळलेला नसतो. इंजिन आपल्या रबरांवर डुलते, पाइप तापून लांब होतो, आणि ही सगळी हालचाल टांगणीच्या रबरांनी पोटात घ्यायची असते. प्रत्येक रबर बोटाने वाकवून बघा. वाकवल्यावर बारीक चिरा उघडत असतील, तेलाने फुगून मऊ झाले असेल किंवा धातूच्या चकतीपासून सुटले असेल तर बदला. एक बदलायचे असेल तर सगळी बदला, कारण जुनी बसकी रबरे आणि नवे ताठ रबर मिळून पाइप तिरका धरतात.

रबर तुटले म्हणून तारेने बांधणे किंवा मध्ये सरळ बोल्ट घालणे ही आपल्याकडची आवडती युक्ती. तारेने घरी पोचा, पण तिथे ती काढा. कडक बांधलेला पाइप इंजिनाचा कंप थेट फ्लोअरला देतो, गाडी ढोलासारखी वाजते, आणि मालक ‘या सेटचा आवाजच असा’ म्हणून दुसरा सेट शोधायला लागतो.

गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला डाउनपाइपला आधार देणारी पट्टी असते. मागे कधी गिअरबॉक्स उतरवला असेल तर ती पट्टी परत न बसवल्याची उदाहरणे वारंवार दिसतात. ती नसेल तर मागच्या सगळ्या पाइपाचे वजन आणि हेलकावे मॅनिफोल्डच्या फ्लँजवर येतात. फ्लँजची पॅकिंग वारंवार जाते तिचे कारण नव्वद टक्के वेळा इथेच सापडावे.

इंजिन बसले आहे का?

बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये एकाला हलकी रेस द्यायला सांगा आणि बाजूला उभे राहून इंजिन किती झुकते ते बघा. थोडे डुलणे ठीक. झटक्याने उचलून आपटल्यासारखे दिसले तर इंजिनाची किंवा गिअरबॉक्सची माउंटिंग, म्हणजे आधाराची रबरे, गेली आहेत. डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत स्टिअरिंगचा शाफ्ट मॅनिफोल्डच्याच बाजूला असतो, त्यामुळे तिथे जागा आधीच कमी. त्या गाड्यांत ही तपासणी वगळू नका.

इंजिन उभे असताना डाउनपाइप आणि बॉडी यांत सगळीकडे अंगठाभर, म्हणजे वीसेक मिलिमीटर अंतर हवे. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्यांपासून त्याहून जास्त. मागे ॲक्सलजवळचे अंतर रिकाम्या गाडीत मोजू नका. दोन माणसे सीटवर बसवा आणि मग बघा. पानांच्या स्प्रिंगा थकलेल्या असतील तर गाडीची बॉडी ॲक्सलच्या जवळ येते आणि ठोका बसतो. मग दोष स्प्रिंगांचा आणि शिक्षा एक्झॉस्टला.

माउंटिंग बदलायला इंजिन खालून उचलून धरावे लागते. सवय नसेल तर हे काम गॅरेजला द्या. संपाखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, नुसता जॅक लावून इंजिन उचलले की संप चेपतो, मध्ये लाकडी फळी हवी, आणि मध्येच जॅक घसरला तर खाली काय असेल याचा विचार आधी करायचा असतो.

सांधे: व्हॅक्यूम क्लीनर आणि साबणाचे पाणी

इंजिन थंड आणि बंद. घरातला जुना व्हॅक्यूम क्लीनर फुंकणाऱ्या बाजूने टेलपाइपला लावा, भोवती कापड गुंडाळा. भांड्यांच्या साबणाचे पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून प्रत्येक सांध्यावर, शिवणीवर आणि मॅनिफोल्डच्या कडेवर मारा. गळती तिथे फेसाचा फुगा. कार्बोरेटरकडूनही थोडी हवा फुसफुसेल. एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, तिथून ती जाते. त्याने घाबरू नका.

यू-बोल्टचा क्लॅम्प हा जुना शत्रू. जरा जास्त आवळला की पाइप चेपतो आणि चेपलेला सांधा नीट बसतही नाही आणि पुढे सुटतही नाही. नवा सेट घेताना रुंद सपाट पट्टीचे क्लॅम्प घ्या. एका पाइपात दुसरा चाळीस-पन्नास मिलिमीटर शिरलेला हवा. त्याहून कमी असेल तर क्लॅम्प कितीही आवळा, सांधा डोलतो.

भोक बोटाएवढे आणि भोवतीचा पत्रा ठणठणीत असेल तर वेल्ड करून काही महिने निघतात. स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर आत जात असेल तर वेल्डिंगचे पैसे वाया. पातळ पत्र्यावर वेल्ड धरत नाही, शेजारी नवे भोक पडते. आणि गाडीवरच, टाकीच्या जवळ वेल्डिंग करू देऊ नका. पाइप उतरवून नेण्याचा कंटाळा करणारा वेल्डर चुकीचा वेल्डर.

मॅनिफोल्ड: इथे घाई महाग पडते

वरच्या सगळ्या तपासण्या झाल्या, टिकटिक तशीच आहे आणि फेस हेडच्या कडेला आला, तर मॅनिफोल्ड काढावा लागेल. त्यासाठी कार्बोरेटर आणि उष्णतेची ढाल आधी उतरते. इनटेक आणि एक्झॉस्टला मिळून एकच गॅस्केट आहे, त्यामुळे एकाचे काम म्हणजे दोघांचे काम.

बी-सिरीजची खरी मेख इथे आहे. मधल्या काही स्टडवर (हेडमध्ये रोवलेल्या आट्यांच्या दांड्यांवर) जाड वॉशर असतात आणि एकच वॉशर इनटेकची कड आणि एक्झॉस्टची कड दोन्ही एकदम दाबतो. दोन्ही फ्लँजांची जाडी सारखी असेल तरच तो सपाट बसतो. कोणी बाजारातला पाइपांचा मॅनिफोल्ड बसवला आणि त्याची फ्लँज मिलिमीटरभर पातळ निघाली, की वॉशर तिरका होतो. जाड बाजू दाबली जाते, पातळ बाजू सैल राहते. नट कितीही आवळा, गॅस्केट दर काही महिन्यांनी फुंकते. एक्झॉस्टची बाजू सैल असेल तर टिकटिक, इनटेकची सैल असेल तर आयडलिंग चढे आणि मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. गॅस्केट दोनदा गेली असेल तर तिसरी आणण्याआधी व्हर्नियरने दोन्ही फ्लँज मोजा. फरक सापडला तर लेथवाल्याकडून जाड बाजू उतरवून घ्या किंवा पायरी असलेले वॉशर करून घ्या. काम तासाभराचे आहे.

मॅनिफोल्ड हातात आहे तोवर त्याच्या तोंडांवर पोलादी पट्टी आडवी ठेवून फीलर गेज सरकवा. पाव मिलिमीटरचे पान सहज जात असेल तर तोंड वाकले आहे. दोन गॅस्केट एकावर एक घालणे किंवा लाल सिलिकॉन थापणे हा इलाज नाही. एक्झॉस्टच्या तोंडाशी साधे सिलिकॉन टिकत नाही. मशिनवर तोंड सपाट करून घ्या.

इथे थांबा. गंजलेला स्टड नटासोबत पिळला जातोय असे हाताला जाणवले, पाना फिरतोय पण नट पुढे येत नाही, तर जोर काढून घ्या. रात्रभर गंज सोडवणारे तेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न, पुढे-मागे थोडे थोडे. उष्णता द्यायची तर कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी उतरवलेली असल्याशिवाय ज्योत पेटवू नका. तरीही स्टड हेडमध्ये तुटला तर हाताच्या ड्रिलने बाहेर काढायला जाऊ नका. ड्रिल पोलादी स्टडवरून घसरून बाजूच्या बिडात जाते आणि शंभराचे काम हेड उतरवण्यावर जाते. हे मशिन शॉपचे काम आहे. मॅनिफोल्डला तडा दिसला तरीही तेच. बीड वेल्ड करायला आधी आख्खा भाग तापवून, नंतर सावकाश थंड करावा लागतो, कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे ते होत नाही.

आता निवड

धातूपासून सुरुवात करू. साधे पोलाद स्वस्त, आवाज मूळ गाडीसारखा जाड आणि जुळवून घेणारे. जागेवर थोडे वाकवता येते, कुठलाही वेल्डर जोडतो. लांब फेऱ्या मारणाऱ्या आणि कोरड्या गॅरेजात राहणाऱ्या गाडीला ते पुरते. ॲल्युमिनियमचा लेप असलेले पोलाद बाहेरून बरेच टिकते, पण वेल्डच्या जागी लेप जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. घेतलेच तर वेल्डच्या रेषांवर उष्णता सहन करणारा रंग मारा.

स्टेनलेस म्हणजे एकच धातू नव्हे. ४०९ मध्ये सुमारे अकरा टक्के क्रोमियम. त्याला चुंबक चिकटतो आणि वर्षभरात तपकिरी छटा येते, ती वरवरची. ३०४ मध्ये अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. सरळ पाइपाला चुंबक चिकटत नाही, वाकवलेल्या जागी किंचित ओढला तर ते चालते. विक्रेता नुसते ‘स्टेनलेस’ म्हणत असेल तर ग्रेड विचारा, सांगता येत नसेल तर चुंबक न्या. छोट्या फेऱ्यांच्या गाडीला ३०४ हेच बरे.

पण ३०४ ची एक खोड आहे. ते साध्या पोलादापेक्षा जवळपास दीडपट प्रसरण पावते. तीन मीटर पाइप सरासरी २५० अंशांनी तापला तर साधे पोलाद सुमारे ९ मिलिमीटर वाढते, ३०४ सुमारे १३. जुन्या पोलादी सेटसोबत चालून गेलेले अंतर नव्या स्टेनलेसला पुरत नाही आणि गाडी तापल्यावरच ठोके सुरू होतात. ‘थंडीत ठीक, वीस मिनिटांनी ठक्ठक’ ही तक्रार स्टेनलेसवाल्यांचीच. उपाय सेट बदलणे नव्हे. क्लॅम्प सैल करून, गाडी गरम असताना पाइप कुठे जातो ते बघून पुन्हा जुळवणे.

पत्र्याची जाडी विचारा. १.५ मिलिमीटरच्या आसपासचा पाइप जाड, भरीव बोलतो. १.२ चा हलका आणि स्वस्त, पण त्याचा आवाज पत्रा वाजल्यासारखा येतो.

व्यासाबद्दल जितके बोलले जाते तितके त्यात नाही. ४४ मिलिमीटरवरून ५१ वर गेले की छेदाचे क्षेत्रफळ सुमारे तिसऱ्या हिश्शाने वाढते, हे खरे. पण सुरुवातीच्या एमजीबीची ताकद ९५ बीएचपी, तीही ५४०० आरपीएमला, आणि मधल्या दोन सिलिंडरचा वायू हेडमध्येच एका तोंडातून निघतो. अडथळा हेडमध्ये आहे, मागच्या पाइपात नाही. हेड आणि कॅमचे काम केलेल्या इंजिनाला मोठा पाइप फायदा देतो. मूळ इंजिनात आवाज वाढतो, पाइप जमिनीच्या आणखी जवळ येतो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला पुढचा डबा घासतो. मॅनिफोल्डचेही तसेच. मूळ बिडाचा मॅनिफोल्ड चांगलाच आहे. रस्त्यावरच्या गाडीत तो उतरवून पाइपांचा घालण्यात आवाज आणि वर सांगितलेला वॉशरचा घोळ याखेरीज फारसे काही हाती लागत नाही.

डबे एक की दोन, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा. चार सिलिंडरच्या इंजिनात आरपीएमला तीसने भागले की घुमण्याची मूळ वारंवारता मिळते. एमजीबी चौथ्या गिअरमध्ये १००० आरपीएमला सुमारे १८ मैल, ओव्हरड्राइव्हमध्ये (चौथ्याच्याही वरच्या जास्तीच्या गिअरमध्ये) सुमारे २२ मैल वेग देते. म्हणजे ७० मैलांना (ताशी सुमारे ११३ किलोमीटर) चौथ्यात ३९०० आरपीएम, १३० हर्ट्‌झ. ओव्हरड्राइव्हमध्ये ३२००, जवळपास १०७ हर्ट्‌झ. पुढचा डबा काढून सरळ पाइप घातलेल्या सेटचे घुमणे नेमके याच पट्ट्यात पडले तर मोटरवेवर किंवा मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर तासभर बसवत नाही. फाटकापाशी रेस देऊन ऐकलेला आवाज याबद्दल काही सांगत नाही. शक्य असेल तर तसाच सेट लावलेल्या गाडीत बसा आणि नेहमीच्या वेगाला वीस मिनिटे जा. लांब जाणाऱ्यांनी दोन डब्यांचाच घ्यावा.

डब्याच्या आतही दोन जाती. पट्ट्यांचा डबा वर्षानुवर्षे एकसारखा बोलतो. भोकांच्या नळीभोवती तंतू भरलेला डबा मोकळा श्वास घेतो, पण तंतू हळूहळू जळून उडतात आणि दोन-चार वर्षांत आवाज चढतो. उघडून पुन्हा भरता येणारा असेल तरच असा घ्या.

आयात नको म्हणून पुण्या-मुंबईत जुन्याच्या मापाने करून घ्यायचा असेल तर दोन गोष्टी बघा. वळणे चेपलेली नकोत, वळणावरही व्यास तोच हवा. आणि नमुना म्हणून दिलेला जुना सेट वाकलेला नव्हता याची खात्री हवी. वाकड्याची नक्कल वाकडीच निघते.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला एमओटी (दरवर्षीची गाडीची तपासणी) लागत नाही, म्हणून काहीही बसवायची मोकळीक मिळत नाही. मुळापेक्षा मोठा आवाज करण्यासाठी बदललेला एक्झॉस्ट रस्त्यावर चालत नाही.

बसवताना

आधी सगळे तुकडे जमिनीवर मांडून एकमेकांत शिरवून बघा. मग सगळे गाडीखाली टांगा, एकही क्लॅम्प आवळू नका. डाउनपाइप मॅनिफोल्डच्या तोंडावर हाताने सपाट बसला पाहिजे. नटांनी ओढून बसवायची वेळ आली तर चूक मागे आहे, मागचे सैल करा. फ्लँजच्या रिंगा नव्या, आणि सहाही नट पितळी. पोलादी नट स्टडशी गंजून एकजीव होतो, पितळी होत नाही, आणि पुढच्या वेळी स्टड वाचतो. ‘पितळी मऊ असतो’ म्हणून पोलादी सुचवणारा मेकॅनिक पुढच्या वेळी तुमच्या गाडीवर काम करणार नसतो. स्टडला तांब्याची ग्रीस लावा. सहाही नट आलटूनपालटून, थोडे थोडे आवळा, मग गिअरबॉक्सजवळची पट्टी, मग मागे मागे. प्रत्येक रबर सरळ लटकलेले दिसले पाहिजे, पुढे किंवा मागे ओढलेले नाही. टेलपाइप बंपरच्या दोन-तीन सेंटिमीटर बाहेर यावा. आत राहिला तर गाडीमागच्या कमी दाबाच्या हवेसोबत धूर डिकीच्या रबरातून आत येतो.

वासाची तक्रार असेल आणि सांधे सगळे कोरडे असतील, तर डिकीचे किंवा जीटीच्या (कायम छपराच्या एमजीबीच्या) मागच्या दाराचे रबर आणि फ्लोअरमधली भोके बुजवणारी बुचे तपासा. तरीही वास राहिला तर गॅरेजमध्ये गॅस मोजण्याच्या यंत्रावर गाडी घ्या. इथे अंदाजाने काम करू नका.

मोकळा सेट घातल्यावर मिश्रण किंचित पातळ होऊ शकते. ब्रिटनमध्ये २०२१ पासून ई-१० आणि भारतात ई-२० (दहा आणि वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल) आल्याने जुन्या सेटिंगवर ते आधीच पातळकडे झुकलेले असते. प्लग काढून रंग बघा. पांढरट असतील तर एसयूचे मिश्रण जुळवून घ्या. पाय काढल्यावरचे फटाके कधी कधी एवढ्यानेच थांबतात.

शंभरेक किलोमीटर झाले की गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे क्लॅम्प व ते सहा पितळी नट पुन्हा एकदा पान्याखाली घ्या. बहुतेक पाव फेरा तरी घेतात. मग टॉर्च घेऊन खाली शिरा आणि नव्या पाइपावर कुठे चकचकीत ठिपका पडलाय का ते बघा. असेल तर अजून पत्रा शाबूत आहे, तोवर जुळवा.